मास्तर, एक विचारू? : भोवऱ्याची भीती

गेल्या अंकात पेन आणि शाईच्या कामाबद्दल लिहिताना मी जुंजी इतो या जपानी चित्रकाराच्या ‘उझुमाकी’चं नाव घेतलं होतं. दोनच ओळी होत्या. एरवी जलरंगावर पानभर लिहिलं तरी पोस्टमन माझ्या दाराकडं बघत नाही, आणि या दोन ओळींवर पत्रंच पत्रं. काहींनी पुस्तक वाचलंय, काहींच्या लेकरांनी वाचलंय, आणि दोघांनी ‘मास्तर, या वयात हे काय वाचायलात?’ असं विचारलंय. त्या दोघांना सोडून बाकीच्यांसाठी हा महिना.

ज्यांना काहीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. ‘उझुमाकी’ 1998-99 मध्ये तिकडच्या ‘बिग कॉमिक स्पिरिट्स’ या साप्ताहिकातून आली, मग तीन खंडांत निघाली. माझ्याकडं आहे ती इंग्रजीतली, तिन्ही खंड एकत्र बांधलेली, विटेएवढी जाड. पुण्याचा नातू दिवाळीला आला आणि इथंच विसरून गेला. कथा कुरोझु-चो नावाच्या समुद्रकाठच्या लहान गावाची. किरिए ही शाळकरी पोरगी, तिचे वडील कुंभारकाम करणारे. शुइची तिचा मित्र. आणि गावाला झपाटलंय एका आकारानं: गोल गोल आत जाणाऱ्या रेषेनं. उझुमाकी म्हणजे तीच रेषा. आपण भोवरा म्हणू.

प्रश्न : भूत नाही, हडळ नाही, करणी नाही. नुसत्या गोल रेघेला काय घाबरायचं? आमच्या पिढीनं नारायण धारपांच्या भयकथा वाचल्यात, मास्तर. (एक वाचक, उदगीर)

तुम्ही उदगीरचे आणि हे मला विचारता? हाळी-हंडरगुळीचा बैलबाजार तुमच्या तालुक्यातच भरतो ना?

मी आठवीत असेन. दादा, म्हणजे माझे वडील, लाल कंधारी बैल विकायला त्या बाजारात गेले, सोबत मी. बैल असा की लोक थांबून बघायचे. एक गिऱ्हाईक आलं, दात बघितले, चालवून बघितला, शेपटीला हात लावला. मग उपरणं टाकून त्याखाली दादांचा हात हातात घेतला आणि बोटं दाबून भाव सुरू झाला. मला दादांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की सौदा जमतोय. तेवढ्यात त्या माणसाचा दुसरा हात सहज बैलाच्या पाठीवरून फिरला आणि वशिंडाच्या मागं थांबला. तिथं केसांचा एक भोवरा होता, आठ आण्याच्या नाण्याएवढा. त्यानं उपरण्याखालचा हात काढून घेतला. ‘हे नको,’ एवढंच बोलला. त्या दिवशी बाजारात ही गोष्ट पसरायला चहा प्यायचाही वेळ लागला नाही. संध्याकाळी आम्ही बैल घेऊन परत चालत निघालो.

आता ऐका. त्या दिवसापर्यंत दादांनी तो भोवरा कधी नीट बघितलाही नव्हता. ते माळकरी, असल्या शकुन-अपशकुनाच्या गोष्टी न मानणारे. पण त्यानंतर बैलाला पाणी पाजताना त्यांची नजर तिथंच जायची. आडाला पाणी कमी झालं, नजर तिथं. आईला ताप आला, नजर तिथं. बैल तोच, केस तेच. माणसाला आकार एकदा दिसला की तो दिसेनासा करता येत नाही.

इतोनं हेच केलंय, आणि पुस्तकाचं सगळ्यात मोठं बळ तेच. सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. किरिए गल्लीतून चाललीय. शुइचीचे वडील भिंतीपाशी उकिडवे बसलेत, पाठमोरे. ती हाक मारते, ते वळत नाहीत. भिंतीवर एक गोगलगाय आहे आणि ते तिच्या शंखाकडं बघतायत. बस. कुणाच्या अंगात काही आलेलं नाही. एक मध्यमवयीन गृहस्थ गोगलगाय बघतोय, आणि माझ्या मानेवर काटा आला, कारण मला हंडरगुळीहून परतल्यानंतरचे दादा दिसले.

पुढं ते गृहस्थ वेडे होतात, मरतात, ते कसे ते वाचा. त्यांची बायको मात्र उलट्या बाजूनं जाते. तिला भोवरा नजरेसमोर नको असतो. ती केस काढते. मग तिचं लक्ष बोटांच्या टोकांवर जातं. आपल्याकडं आज्या नातवाचा हात धरून शंख किती, चक्रं किती मोजतात ना? तेच ते. ती बाई ती कातडी कात्रीनं काढते. दवाखान्यात शुइची तिच्यापासून प्रत्येक गोल वस्तू लपवत राहतो, आणि वाचणाऱ्याला एक गोष्ट तिच्याआधी आठवते: माणसाच्या कानाच्या आत एक शंख असतो. त्याचा आकार तोच.

धारपांच्या गोष्टी वाचून झाल्या की दिवा लावता येतो. हा आकार दिव्यातही आहे, नळाखाली बादलीत आहे, डोक्यावर आहे. माझ्या धाकट्या भावाच्या डोक्यावर दोन भोवरे. दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, असं आजी म्हणायची. त्याचं एकच झालं, पण आजीनं मरेपर्यंत आशा सोडली नव्हती.

प्रश्न : मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘उझुमाकी’ दोनदा वाचली. पात्रं पुठ्ठ्याची आहेत. किरिएसमोर एका प्रकरणात माणसं भयानक मरतात आणि पुढच्या प्रकरणात ती दप्तर घेऊन शाळेला निघते. आणि इतकं होऊनही कुणी गाव का सोडत नाही? याला थोर का म्हणायचं? (एक विद्यार्थिनी, नांदेड)

तुमच्या तीन तक्रारींपैकी दोन मला मान्य, तिसरी अजिबात नाही.

पात्रं पुठ्ठ्याची, हो. किरिएला काय आवडतं, तिचं कुणाशी पटत नाही, ती रात्री कशानं जागी राहते, यातलं काही मला सांगता येणार नाही, आणि मी साडेसहाशेच्या आसपास पानं तिच्यासोबत होतो. ती आपले डोळे आहे, तेवढंच तिचं काम. शुइची थोडा बरा. तो शेजारच्या शहरात शिकायला जातो आणि परत आल्यावर त्याला गाव विचित्र दिसतं. बाहेर जाऊन येणाऱ्यालाच गावाचा वास येतो, हे बरोबर पकडलंय. पण मधल्या प्रकरणांत तो नुसता खंगलेला येऊन ‘हे भोवऱ्यामुळं होतंय’ असं सांगून जातो. ते आपल्याला चित्रात दिसलेलंच असतं.

विसराळूपणाचं कारण साप्ताहिकात आहे. दर आठवड्याला चार पानं पुढं जाणारी लांब गोष्ट आणि दर वेळी पुरी होणारी गोष्ट, यातलं दुसरं इतोनं पुष्कळदा निवडलं. त्यामुळं केसांच्या प्रकरणात किरिएचे केस भोवरे होऊन तिचाच जीव घ्यायला निघतात, आणि पुढं जणू न्हाव्याकडं जाऊन आल्यासारखं सगळं ठीक. दीपगृहात ती भाजते तेव्हा मात्र तिला खरंच दवाखान्यात राहावं लागतं, म्हणजे मनात आलं की त्याला आठवण ठेवता येते. उरलेल्या ठिकाणी आळस केलाय असं मी म्हणेन. सगळ्यात पडलेलं प्रकरण ते स्प्रिंगवाल्या पोराचं. कबरीतून प्रेत स्प्रिंगवर उड्या मारत येतं. मी मोठ्यानं हसलो, बायको स्वयंपाकघरातून बघायला आली. आणि दवाखान्यातली बाळंतिणींची दोन प्रकरणं किळसवाणी आहेत, पण त्यात भीती कमी. किळस आणि भीती यात फरक आहे, आणि तिथं इतो घाईत होता.

शेवटाबद्दल भांडण चालू असतं. मी तो सांगणार नाही. शेवटचं मोठं चित्र मला पटलं, त्याच्यावर लिहिलेलं निवेदन नको होतं. चित्रकारानं आपल्या चित्रावर विश्वास ठेवावा.

आता गाव सोडण्याचं. शुइची पहिल्याच प्रकरणात किरिएला म्हणतो, चल, इथून निघून जाऊ. ती जात नाही. तुम्हाला ही लेखकाची चूक वाटते. पोरी, तू नांदेडची. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावली होती. काही माणसं गेली, पण बहुतेक राहिली. माझे साडू तिथंच. घागरींचे नंबर लावायचे, रात्री दोनला टँकरसाठी उठायचं, आणि त्याच आठवड्यात पोरीचं लग्नही लावलं त्यांनी. किरिएच्या बापाची भट्टी तिथं, भावाची शाळा तिथं. घर, वावर, भट्टी मागं टाकून माणूस काय घेऊन जाणार? उलट ती माणसं पहिल्या मेलेल्या माणसानंतर सामान बांधून गेली असती तर मी पुस्तक तिथंच मिटलं असतं.

आणि पुढं तर जाता येत नाही. वादळ होऊन गाव मोडतं तेव्हा उभी राहतात ती फक्त जुनी, पडीक, लांबट चाळीसारखी घरं. माणसं त्यांत दाटीवाटीनं शिरतात, भिंती वाढवत नेतात, खोल्यांना खोल्या जोडतात. इतोला मुळात लांबच लांब चाळीत राहणाऱ्या माणसांची गोष्ट काढायची होती म्हणे, भोवरा नंतर सुचला. म्हणूनच बहुधा हा शेवटचा भाग सगळ्यांत घट्ट विणलेला आहे. इथं कुणी काही विसरत नाही. माझ्यासाठी मात्र ही पानं वाचणं सोपं नव्हतं. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. तिकडची माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची घरं, जाडजूड दगडमातीच्या भिंती, उन्हाळ्यात गार, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारी, तीच माणसांवर पडली. आम्ही इकडं अंबाजोगाईत कित्येक दिवस अंगणात झोपलो. भिंत हलली नव्हती, पण तिच्याजवळ झोपायला कुणी तयार नव्हतं. इतोच्या गोष्टीत उलटं आहे, जुनी घरं टिकतात आणि माणसांना आत ओढतात. पण घराकडं पाठ करून न झोपण्याची ती भावना मला ओळखीची होती.

प्रश्न : मुलानं त्यातली माणसाची गोगलगाय होते ती चित्रं मला मोबाइलवर दाखवली. मी सोयाबीनवाला. मला भीती वाटली नाही, संताप आला. बरोबर का? (एक शेतकरी, औसा तालुका)

एकदम बरोबर, आणि या पत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ बसलो.

बाकीच्यांसाठी सांगतो. 2022 च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव या पट्ट्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनचे कोंब जमिनीतून वर येताच खाऊन टाकले. दिवसा एक दिसायची नाही. रात्री बॅटरी घेऊन गेलं की बांधावर नुसता चिकट प्रकाश. लोकांनी बादल्या भरभरून वेचल्या, मिठाच्या पाण्यात टाकल्या, गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं वावरात अंथरून त्याखाली जमलेल्या सकाळी गोळा केल्या. दुबार पेरणी, मग तिबार. माझ्या मेव्हण्याच्या वावरात मी दोन रात्री गेलो होतो. तिसऱ्या रात्री माझी पाठ गेली.

इतोच्या प्रकरणात वर्गातलं एक मठ्ठ पोरगं आहे, कातायामा. फक्त पावसाच्या दिवशी शाळेत येतं, भिजून, संथ. वर्गातला एक दांडगट त्याला उघडं करतो तर पाठीवर भोवऱ्यासारखी खूण दिसते. ती फुगत जाते. मग एक दिवस ते शाळेच्या भिंतीवर चढलेलं सापडतं, पाठीवर शंख. आता त्याचं करायचं काय? शाळा त्याला जाळीच्या पिंजऱ्यात ठेवते. मुलं बघायला येतात. मग त्या दांडगटाचीही तीच गत होते. पुढं अंडी सापडतात आणि एक मास्तर ती पायानं चिरडतो.

तुमच्या संतापाचं कारण मला इथं दिसतं. ज्यानं बादलीभर गोगलगायी मिठात टाकल्यात त्याला अंडी चिरडणारा मास्तर चुकीचा वाटत नाही. मलाही वाटला नाही, पहिल्या वाचनात. मग मी मागं गेलो आणि बघितलं की त्या दोन जनावरांना अजून शाळेच्या गणवेशातल्या पोरांचे डोळे आहेत, लांब देठावर आलेले. इतो तुम्हाला असं कोंडीत पकडतो. त्या मास्तरचं पुढं काय होतं ते मुलाला विचारा. आणि गाव उपाशी पडल्यावर माणसं काय खातात, तेही त्यालाच विचारा. मला लिहवत नाही.

प्रश्न : इतोच्या चित्रांतून आम्ही काय शिकावं? चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा झालीय, पुढं जी.डी. आर्टची पदविका करायचीय. (परभणी)

पान उलटायचं शिक. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडं वाचतात. (मी पहिली पंधरा मिनिटं उलटं वाचलं आणि गोष्ट फार खोल आहे असं समजत होतो. नातू फोनवर अजून हसतो.) इतो पानाच्या शेवटच्या लहान चौकटीत फक्त चेहरा काढतो, काहीतरी बघणारा. काय बघतोय ते पुढच्या पानावर. म्हणजे भीती तुझ्या अंगठ्यात असते, पान उलटायचं की नाही.

दुसरं, रेषेची उधळपट्टी करत नाही. चेहरे कोरे, स्वच्छ. घरं, रस्ते पट्टीनं मोजल्यासारखे. सगळं साठवून ठेवतो आणि मोठ्या चित्रात एकदम हजार बारीक रेघा, एकमेकींना न चिकटलेल्या. हा माणूस आधी दंत-तंत्रज्ञ होता, दातांच्या कवळ्या-टोप्या घडवणारा. 1987 मध्ये ‘तोमिए’ नावाच्या कथेनं छापून आला. मिलिमीटरवर जगलेला हात लपत नाही.

दोषही बघ. त्याच्या तरुण पोरी एकसारख्या, केस बदलले की पात्र बदललं. घाबरण्याचा चेहरा एकच: डोळे विस्फारलेले, घामाचे थेंब, तोंड अर्धवट उघडं. दहाव्यांदा तो चेहरा आला की तुझा विश्वास ढळतो. घाबरलेली माणसं पुष्कळ वेळा हसतात, हे त्याला बहुतेक सुचलं नाही.

एक करून बघ. मी नववीच्या वर्गाला एकदा म्हणालो, कंपास न वापरता भोवरा काढा, रेघांमधलं अंतर सारखं ठेवून, पान भरेपर्यंत. पन्नास पोरांच्या वर्गात दहा मिनिटांत चिडीचूप. तास संपल्याची घंटा झाली, तरी कुणी मान वर केली नाही. मी तो प्रयोग पुन्हा केला नाही.

प्रश्न : मुलगा नववीत आहे, हेच वाचायलाय. रात्री बाथरूमला जाताना लाइट लावून जातो. बंद करू का? (एक आई, लातूर)

लाइट की पुस्तक? लाइट राहू द्या. पुस्तक तुम्ही आधी वाचा. मी म्हणेन सोळाच्या पुढं सगळं, त्याच्या वयाला दवाखान्यातली बाळंतिणींची प्रकरणं नकोत. त्याच्याशी सरळ बोला, की ही दोन सोड. तो सोडणार नाही, पण तुम्हाला माहीत आहे हे त्याला कळेल. आणि मोबाइलवर वाचत असेल तर मोठ्या पानावर वाचू द्या. अंगठ्यानं सरकवून वाचल्यावर पान उलटण्याची ती सगळी गंमत जाते.

प्रश्न : चार भागांची मालिका आलीय म्हणे. ती बघितली तर चालेल का? (अनेक)

2024 ची, ॲनिमेशनची. पहिला भाग बघा, काळापांढरा, इतोची रेषा हलताना बघून मी खुर्चीतून पुढं सरकलो. दुसऱ्यापासून उतार लागला. काही ठिकाणी माणसं कागदी बाहुल्यांसारखी सरकतात. पुस्तक वाचा.

प्रश्न : खरं सांगा मास्तर, तुम्ही स्वतः घाबरलात का? (जालना)

पुस्तक संपलं त्या रात्री अकरा वाजले होते. दिवा घालवला, आडवा झालो. खाटेखाली मच्छर अगरबत्ती जळत होती, हिरवी, गोल गोल आत जाणारी, आणि तिचं लाल टोक हळूहळू मध्याकडं चाललं होतं. पंधरा मिनिटं मी खाटेवरून वाकून तिच्याकडं बघत होतो. मग माझ्या लक्षात आलं की मी बघतोय. उठलो, ती मोडली, आणि रात्रभर डास चावून घेतले.

डासांचं प्रकरण त्या पुस्तकात आहेच. ते सकाळी आठवलं.